कोडीवरचं घर

अक्का, आज पहिल्यांदा तुला 'तू' म्हणतेय. तू होतीस तेव्हा किती वेळा सुनावलंस, "अक्का म्हणजे मोठी बहीण की ग. मोठ्या बहिणीला तुम्ही-आम्ही कोण करतं? मी काय ब्यांकेची मॅनेजर आहे काय?" पण सत्तरी ओलांडलेल्या घरमालकिणीला अगं-तुगं करायला माझी पुण्यातली जीभ शेवटपर्यंत वळली नाही. आता वळतेय. आपलं एक बोलणं अर्धं राहिलंय, आणि ते 'तुम्ही' म्हणून पुरं करता येणार नाही असं वाटलं. तुला जाऊन अजून वर्षसुद्धा झालं नाही. जिना उतरताना अजूनही मी चप्पल हळू वाजवते, तुझी दुपारची झोप मोडेल म्हणून.

आपली ओळखच मुळी माझ्या आगाऊपणानं झाली. तुझ्या घराचा वरचा मजला भाड्यानं बघायला मी आले होते. तुझ्याशी इंग्रजीत गोड गोड बोलले आणि मग खिडकीपाशी जाऊन फोनवर निनादला, माझ्या नवऱ्याला, मराठीत सांगितलं, "घर बरंय रे, पण स्वयंपाकघर म्हणजे काड्यापेटी आहे." मागून तुझा आवाज आला, "काड्यापेटीत दोघांचा चहा होतो की." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तू मात्र चहाच टाकलास. बेंगळुरूत पाच पिढ्या काढलेली, चामराजपेटेत साड्यांचं दुकान असलेली मराठी माणसं असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुझ्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी. उरलेल्या निम्म्या-निम्म्यात आपलं छान जमलं.

निनादची नोकरी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, म्हणून आम्ही ह्या बाजूला घर शोधत होतो. तू पहिल्याच आठवड्यात माझी फिरकी घेतलीस. "संद्रा म्हणजे काय माहीत आहे का? समुद्र. मोठं तळं. बोम्मसंद्रा, सिंगसंद्रा, जक्कसंद्रा, सगळे समुद्रच. तुझा नवरा समुद्रात नोकरी करतो, तू समुद्रात घर घेतेस, मग पुढं ओलं झालं म्हणून रडायचं नाही." मी हसले. मग तू स्वतःच्या घराची गोष्ट सांगितलीस, तेव्हा तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

दुकान बंद करून तुम्ही इकडं प्लॉट बघायला आलात तेव्हा शेजारच्या शेतातला एक म्हातारा तुझ्या यजमानांना म्हणाला, "इदु कोडी जागा, स्वामी." त्यांचा जन्म कापडात गेलेला. कापडाच्या धंद्यात कोडी म्हणजे वीस नग, विसाचा गठ्ठा. त्यांना वाटलं, म्हातारा वीस नंबरचा प्लॉट दाखवतोय. आणि गंमत अशी, की प्लॉटचा नंबर खरोखरच वीस होता! त्यांनी तो शुभशकुन मानला आणि व्यवहार ठरवून टाकला. म्हातारा बिचारा सांगत होता की तळं भरलं की जादा पाणी जिथून बाहेर पडतं, तो सांडवा इथं आहे. कन्नडात त्याला कोडी म्हणतात. "दुकानात रोज कन्नडच बोलायचो की," तू म्हणालीस, "पण गिऱ्हाईक साडीबद्दल बोलतं, सांडव्याबद्दल कोण बोलतं? आम्ही वीस ऐकलं, तो पाणी म्हणाला." आणि मग त्यांनी सांडव्याच्या वाटेवर, अगदी मधोमध, उरलेल्या साड्या ठेवायला मागची खोली बांधली. ते गेल्यावर तू त्याच खोलीत झोपायला लागलीस.

ह्या गावाच्या पावसाशीही तूच माझी ओळख करून दिलीस. आमच्याकडे गणपती गेले की छत्री माळ्यावर जाते. इथं दसरा झाला तरी आभाळ हलायला तयार नाही. दिवसभर ऊन, आणि संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला नेमका धो धो. मी वैतागले की तू म्हणायचीस, "हा पाऊस दोनदा येतो ग. गेलेला पाऊस विसरलेली छत्री न्यायला परत येतो." आणि आपण त्यावर वाद घालायचो. मी म्हणायचे, पुण्याला नद्या आहेत, तिथं पूर आला तर समजतं. ज्या गावाला धड एक नदी नाही ते बुडतं कसं? तू म्हणायचीस, नदी नाही म्हणूनच तर इतकी तळी बांधली. मला ते पटायचं नाही. भूगोलात मी नेहमी पहिली यायचे, त्याचा तोरा होता.

मग तो दसऱ्यानंतरचा आठवडा आला. रोज संध्याकाळी पाऊस, आणि एका सकाळी खाली बघते तर गल्ली नाहीच, नुसतं तपकिरी पाणी. लेआउटच्या, म्हणजे आपल्या वसाहतीच्या, मागची कंपाउंडची भिंत फुटली होती आणि तळं आत आलं होतं. मी खाली धावले. तू गुडघाभर पाण्यात उभी राहून देवघराखाली बघत होतीस. तिथं वीतभर मासा फिरत होता. ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही त्या घरात! "अय्यो," तू म्हणालीस, "ह्याला कोणी बोलावलं?" मग दुधाच्या पातेल्यात तो धरलास, एकेक पायरी चढून वर आणलास आणि माझ्या हातात दिलास. "धर ग. माझ्याकडं बघतोय तो." सोफा, गाद्या, शिल्लक साड्यांचे गठ्ठे, सगळ्याचा लगदा झाला होता आणि आपण दोघी जिन्यात बसून त्या माशाला बादली शोधत हसत होतो. त्या पातेल्यात नंतर तू दूध तापवलं नाहीस, कढीपत्ता लावलास.

तू आमच्याकडे वर राहायला आलीस ते दिवस मला आयुष्यभर पुरतील. निनाद लॅपटॉपची बॅग डोक्यावर धरून ट्रॅक्टरमधून कामावर गेला आणि तू गच्चीवरून ओरडलीस, "जपून रे बाबा, लग्नाची वरात निघाल्यासारखा उभा राहू नको, बस." माझ्या व्हिडिओ कॉलवर मागून येऊन विचारलंस, "तुझा साहेब जेवला काय?" साहेब हैदराबादचा. त्याला कळलं काही नाही, पण तेव्हापासून तो दर मीटिंगला 'आंटी' कशा आहेत ते विचारायचा. तू गेल्यावर विचारलं तेव्हा मला माईक बंद करावा लागला.

त्याच दिवसांत एकदा तू आप्पे करायला घेतलेस आणि पात्राच्या एका खळग्यात पीठ ओतत राहिलीस. "अक्का, भरलं," मी म्हटलं. "भरू दे की." पीठ ओसंडून शेजारच्या खळग्यात उतरलं, तो भरला, मग पुढच्यात. "हे बघ, हे आमचं गाव. वरचं तळं भरलं की खालच्याला, ते भरलं की त्याच्या खालच्याला. एक थेंब वाया नाही. आता मी इथं," म्हणत तू दोन खळग्यांच्या मध्ये उलथनं आडवं धरलंस, आणि पीठ थेट गॅसवर. जळकट वास सगळ्या घरभर. "हे उलथनं म्हणजे माझी खोली," तू म्हणालीस. "आणि तो मासा रस्ता चुकला नव्हता. त्याच्या रस्त्यात मी पलंग टाकलाय." गॅस मलाच पुसावा लागला, पण भूगोल तेव्हा कळला.

पुढं लेआउटची मीटिंग झाली. सेक्रेटरी मूर्ती म्हणाले, मागची भिंत दुप्पट उंच करू आणि पंप बसवू. तू उठलीस आणि विचारलंस, "भिंत उंच केली तर पाणी काय परत तळ्यात जाऊन बसेल?" मग चर्चा वळली. पाण्याला वाट द्यायला हवी हे हळूहळू सगळ्यांना पटलं. फक्त ती शेजाऱ्याच्या अंगणातून गेली तर बरं, असं प्रत्येकाचं म्हणणं. तास दीड तास नुसता गोंधळ. शेवटी तू म्हणालीस, माझी मागची खोली पाडा, तीच जुनी वाट आहे. तुम्ही फक्त भिंतीला तोंड ठेवा, पाणी माझ्या घराच्या बाजूनं पुढच्या मोठ्या नाल्याला जाईल. मूर्तींनाच वाईट वाटलं. "अक्का, स्वल्प विचार माडि," जरा विचार करा, म्हणाले. "पाणी आल्यापासून दुसरं काय करतेय?" तू म्हणालीस.

ह्यावरून मी तुझ्याशी भांडले. ज्या पाण्यानं तुझ्या संसाराचा चिखल केला त्यालाच दार उघडून द्यायचं? यजमानांनी हौसेनं बांधलेली खोली तू जेसीबीखाली घालणार? तू शांतपणे वाती वळत होतीस. "पाणी येणारच ग. दार उघडं असलं तर सरळ जातं. बंद असलं तर घरभर शोधत फिरतं." मला राग आला होता, कारण तुझं बरोबर होतं. आणि दुसरंही एक कारण होतं. माझी पुण्याची बदली मंजूर झाली होती. ते तुला सांगायचं कसं, ह्या विचारानं मी आधीच चिडचिडी झाले होते. तुला ते आधीच कळलं होतं. निनादच्या पोटात काही राहतं थोडंच?

तू वात ठेवलीस आणि विचारलंस, "खोली गेली की खाली मी एकटी, बाजूनं पाणी जाणार. मला पाण्याचं भय नाही, पण वर माणूस पाहिजे. तू राहशील काय?"

"बघू," मी म्हटलं.

"पुण्याचं 'बघू' म्हणजे नाही," तू म्हणालीस. "एवढं मराठी मला येतं."

हसून म्हणालीस, पण परत विचारलं नाहीस. मीही विषय काढला नाही. रोज जिन्यात भेटत होतो, फोडणीची मिरची देत-घेत होतो, आणि ते 'बघू' मध्येच पडलेलं होतं. आणि एका दुपारी जेवून तू आडवी झालीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. तुला झाला नाही हे खरं. मला मात्र अजून होतो, अक्का. तुला 'राहते' किंवा 'जाते', काहीतरी सांगायला हवं होतं. तू दोन्ही पचवलं असतंस.

तुझा तेरावा झाला आणि तुझा मुलगा मंजू वर आला. तू त्याची तक्रार करायचीस ना, की गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपशी लग्न केलंय म्हणून? पण तो किती सरळ माणूस आहे ते मला त्या दिवशी दिसलं. खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "ताई, मी पीण्याहून रोज इथं येऊ शकत नाही. एक पार्टी घर घ्यायला तयार आहे. त्यांना मागं मोठी भिंत बांधायची आहे, ते वाट सोडणार नाहीत. आई बोलली तसं करायचं तर घरात आपलं कुणीतरी पाहिजे. तोंड साफ ठेवायला, पावसात लक्ष द्यायला. तुम्ही राहणार असाल तर खोली पाडतो. जाणार असाल तर विकतो. राग धरू नका, पण मला आजच सांगा."

म्हणजे तुझाच प्रश्न, अक्का. तू विचारायची थांबलीस, तर तुझ्या पोरानं येऊन विचारला. माझ्या डोळ्यांसमोर ती उंच भिंत आली आणि तिच्यामागं साचत जाणारं पाणी.

"राहते," मी म्हटलं.

निनादनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी घासाघीस न करता भाजी घेतली. मग तोही म्हणाला, "राहतो आम्ही." मंजू उठला, खाली गेला, आणि तुझ्या रिकाम्या हॉलमध्ये त्याच्या रडण्याचा आवाज आला. मी खाली गेले नाही. काही रडणं माणसाला एकट्याला करू द्यावं, हे तुझ्याकडूनच शिकले. पुण्याला मी त्याच दिवशी नाही कळवून टाकलं. आई फोनवर म्हणाली, "पाण्यात राहायला चाललीस का ग?" मी म्हटलं, होय, समुद्रात.

खोली पाडली तेव्हा मी रजा काढून हजर होते. यजमानांचा फोटो मंजूनं आधीच उतरवून नेला होता. सिनेमात असतं तर फरशीखाली काहीतरी जुनं सापडलं असतं. इथं काळी, ओली माती निघाली, एवढंच. इतकी वर्षं वर खोली असूनही ती वाळली नव्हती. परवानग्यांचं मूर्तींनी बघितलं. भिंतीला तोंड पाडून त्यात जाळी बसवली आणि तिथून पुढच्या नाल्यापर्यंत दगडी चर काढला. मूर्ती रोज येऊन कंत्राटदाराशी भांडायचे. तुझ्या जिवंतपणी एवढे कामसू नव्हते ते.

आणि यंदाचा दसरा झाल्यावर छत्री न्यायला पाऊस परत आला. तसाच, रोज संध्याकाळी, ऑफिस सुटताना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूर्तींची हाक आली, "मॅडम, केरे कोडी बिद्दिदे!" तळं सांडव्यावरून पडतंय! मी जिन्यात गेले. जाळीतून पाणी आत आलं, चरात उतरलं, जिथं तुझा पलंग होता तिथून गेलं आणि तुळशीला वळसा घालून पुढं नाल्यात. थांबलं नाही, कुणाकडं बघितलं नाही. छत्र्या घेऊन सगळी गल्ली जमली होती. गल्लीत घोटाभर पाणी झालंच, खोटं कशाला सांगू. कोपऱ्यावरच्या घराची मोटारही भिजली. पण तुझ्या हॉलची फरशी कोरडी होती. मी ती हातानं चाचपून बघितली आणि तुझ्यावर भयंकर रागावले. हे बघायला तरी थांबायचं होतंस की.

पाऊस उघडल्यावर एका सकाळी फाटकाशी चार बायका आल्या. खालच्या गावच्या. त्यांचं तळं किती वर्षं कोरडं पडलं होतं, मुलं त्यात क्रिकेट खेळायची. यंदा भरलं, आणि भरून सांडलंही. इकडं तळं सांडलं की त्याला बागिन देतात. आपण नदीची ओटी भरतो तसं, सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण, धान्य घालून वर दुसरं सूप झाकायचं आणि पाण्यात सोडायचं. त्यांनी आपल्या तळ्याला दिलं, आणि मग एक बागिन घेऊन, पाणी कुठून आलं ते बघत बघत नाल्याच्या कडेनं चालत वर आल्या. जिथून वाट सुटली तिथंही द्यायचं म्हणून.

त्यातल्या मोठ्या बाईनं चराकडं बघितलं, अर्ध्या पाडलेल्या भिंतीकडं बघितलं आणि मला विचारलं, "यार मने इदु?" कुणाचं घर हे?

ह्या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं असायचं. कुरिअरवाला असो, गॅसवाला असो, मी हात झटकून सांगायचे, आम्ही भाड्यानं राहतो. त्या दिवशी म्हटलं, "कमलाक्कन मने." कमलाक्काचं, म्हणजे तुझं घर.

तिला तुला भेटायचं होतं. अक्का नाही आता, मी माझ्या मोडक्या कन्नडात सांगितलं. तिनं डोळे मिटून हात जोडले. मग जरा थांबून, सूप कमरेवर सावरत, कुणाच्या हाती द्यावं हे न कळून तिनं विचारलं, आता घरात कोण आहे?

"नम्म मने," मी म्हटलं. आमचं घर आहे. आणि फाटक उघडून तिला आत घेतलं.